काठी खरी आणि लंगोटी अलंकारिक?

आजकाल एक तक्रार सारखी कानावर येते, की लोकांना अलंकारिक भाषा कळेनाशी झालीय, सगळे शब्दाला धरून बसतात, कोणी कविता लिहिली की लगेच निवेदन, मोर्चा, पोलीस स्टेशन. मला हे अर्धंच पटतं. शब्दाला धरून बसतात हे खरं, पण कळत नाही म्हणून बसतात हे काही खरं नाही. आपल्या नागपुरात तर दिवसभर कोणी सरळ बोलतच नाही. 'संध्याकाळी फुटाळ्यावर भेटू' म्हटलं की कोणी तलावाच्या पाण्यावर उभं राहायच्या तयारीनं येत नाही. 'डोकं नको खाऊ बे', 'साहेबानं आज धुतला मले', 'पोरगं हातातून गेलं', 'त्याची तं हवा टाईट झाली', हे सगळं पानठेल्यावर उभा असलेला माणूस दहा मिनिटांत बोलून जातो आणि समोरच्याला एकाही वाक्याचा अर्थ विचारावा लागत नाही. म्हणजे अक्कल शाबूत आहे.

मारबत बघा ना. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालाकडच्या रस्त्यांवरून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे शेवटी जाळायच्या मोठ्या पुतळ्या, निघतात, १८८० च्या दशकापासून निघतात, आणि सोबत बडगे, म्हणजे त्या वर्षी नकोशा झालेल्या गोष्टींचे आणि माणसांचे थट्टेचे पुतळे. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' या हाकेत दरवर्षी नवीन काहीतरी जोडलं जातं, कधी डेंग्यू, कधी महागाई, कधी भ्रष्टाचार. त्या गर्दीत एखादी बाई लेकराला उचलून मारबतीच्या पायाशी लावते कारण तिच्यासाठी ती देवी आहे, आणि तिच्याच बाजूला कॉलेजचं एखादं पोरगं बडग्याच्या गळ्यातली पाटी वाचून फिदीफिदी हसून राहिलेलं असतं, त्याच्यासाठी ते व्यंगचित्र आहे. दोघं एकाच रस्त्यावर, खांद्याला खांदा लावून, आणि 'ही खरी का खोटी ते आधी ठरवा' असं कोणी कोणाला म्हणत नाही. महागाई मारबतीसोबत जळून जात नाही हे दोघांनाही माहीत आहे, दुसऱ्या दिवशी दोघांनाही भाजी घ्यायला जायचंच असतं.

मग हाच माणूस व्हॉट्सॲपवर आलेली कवितेची एक ओळ वाचून 'याला आत टाका' म्हणतो तेव्हा त्याची अक्कल कुठे जाते? कुठेच जात नाही. त्यानं ती तेवढ्यापुरती खिशात ठेवलेली असते. माझं म्हणणं एवढंच आहे की शब्दशः घ्यायचं का अलंकारिक, हे आपण ओळ वाचून ठरवतच नाही, ओळ कोणाची आहे ते बघून ठरवतो. आपल्या माणसाची असली तर 'अहो भावना समजून घ्या', दुसऱ्याची असली तर 'शब्द बघा शब्द'.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण तुकोबांच्या एका ओळीचं. 'भले तरी देऊ कासेची लंगोटी, नाठाळाचे माथी हाणू काठी.' ही ओळ आपल्याकडे किती भाषणांमध्ये येते बघा, आणि कशी येते तेही बघा. बहुतेक वेळा फक्त मागचा अर्धा भाग येतो, 'नाठाळाचे माथी हाणू काठी, असं आमचे तुकोबा सांगून गेलेत', टाळ्या, आणि ऐकणाऱ्या पोरांना बरोबर कळतं की काठी म्हणजे काठी. आधीचा अर्धा भाग मात्र एकदम अलंकारिक होऊन जातो. कासेची लंगोटी म्हणजे कमरेला जी एवढीशी चिंधी उरलीय तीसुद्धा सोडून भल्या माणसाला देणं. ते कोणी शब्दशः घेतलेलं मी तरी बघितलं नाही, व्यासपीठावरून कोणी कोट काढून दिल्याचंही ऐकलं नाही. एकाच ओळीत, एका स्वल्पविरामाच्या अलीकडे रूपक आणि पलीकडे हुकूम, असं कसं चालेल हो? काठी खरी धरायची असेल तर लंगोटीही खरी धरा. लंगोटी म्हणजे 'सर्वस्व देण्याची तयारी' असा अर्थ लावायचा असेल तर काठीलाही तोच न्याय लावा, ती कठोरपणाची काठी आहे, ज्याच्यापुढे गोड बोलून उपयोग नाही त्याला कडक शब्दांत सुनावण्याची. आणि हा अभंग सुरू कसा होतो ते तर कोणी बघतच नाही. 'मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास', मेणाहून मऊ, आणि वज्रालाही भेदू एवढे कठीण. पहिल्याच ओळीत मेण आणि वज्र आलं, म्हणजे कवीनं आपल्याला सांगून ठेवलंय की बाबा इथे कोणत्या भाषेत बोलणं चाललंय. तरी आपण दोन ओळी गाळून थेट काठीवर जातो.

आता कोणी म्हणेल की शाळेत अलंकार नीट शिकवा म्हणजे प्रश्न सुटेल. शाळेत शिकवतात की! मी स्वतः मराठीच्या ट्यूशन घेतल्यात, त्यामुळे काय शिकवतात ते मला चांगलं माहीत आहे. 'जणू, गमे, वाटे, भासे' दिसलं की उत्प्रेक्षा, 'सारखा, सम, परी, जसा' दिसलं की उपमा, निर्जीव वस्तू माणसासारखी वागली की चेतनगुणोक्ती, लिहा, मार्क घ्या, पुढे चला. पोरं ओळ वाचतच नाहीत, 'जणू' शोधतात. त्यांची चूक नाही, पेपर तसाच असतो. एकदा मी मुद्दाम फळ्यावर लिहिलं, 'राजू त्याच्या बाबांसारखा दिसतो', आणि विचारलं अलंकार कोणता. सगळ्या वर्गानं उपमा लिहिलं. उपमेय राजू, उपमान बाबा, साधर्म्यवाचक शब्द 'सारखा', एकदम पद्धतशीर. अरे पण राजू खरंच बाबांसारखा दिसतो ना, त्यात अलंकार कुठून आला? जुन्या काव्यशास्त्रवाल्यांना हे पक्कं माहीत होतं, 'गायीसारखा गवय' म्हटलं तर ती उपमा अलंकार नाही असं ते सांगतात, गवय नावाचं रानटी जनावर खरंच गायीसारखं दिसतं, तिथे माहिती आहे, चमत्कृती नाही. म्हणजे 'सारखा' हा शब्द असून अलंकार नाही. उलट अपन्हुतीत कवी चक्क सांगतो की हे डोळे नाहीत, या कमळाच्या पाकळ्या आहेत, सरळ सरळ खोटं बोलतो, आणि आजवर कोणी त्याच्यावर खोटं बोलल्याची केस टाकलेली नाही. हे पोरांना सांगितलं तर त्यांना मजा येते. पण दोन मार्कांच्या प्रश्नात ही मजा बसत नाही.

खरं तर आपल्याकडे ओळखायची कसोटी हजारेक वर्षांपासून तयार पडलीय. मम्मट अकराव्या शतकातला, काश्मीरचा, त्यानं 'काव्यप्रकाश' या ग्रंथात लक्षणेच्या, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सोडून दुसरा घेण्याच्या, तीन अटी सांगितल्या. एक, मुख्य अर्थ अडला पाहिजे. दोन, नवीन अर्थाचा मुख्य अर्थाशी काहीतरी संबंध पाहिजे. तीन, तसं बोलायची एकतर रूढी पाहिजे नाहीतर काहीतरी प्रयोजन पाहिजे. उदाहरण सगळ्या पंडितांचं ठरलेलं, 'गंगेवर गवळीवाडा आहे'. प्रवाहावर वाडा राहू शकत नाही, अर्थ अडला, म्हणून गंगेच्या काठावर असं समजायचं, काठ आणि प्रवाह शेजारी शेजारी आहेत म्हणून संबंध आहे, आणि 'काठावर' असं सरळ न म्हणण्याचं कारण हे की गंगेचा गारवा आणि पावित्र्य त्या वाड्याला चिकटलं पाहिजे. आता आपल्याकडे कोणी म्हणालं 'आमचं घर नागनदीवर आहे', तर पहिल्या दोन अटी जशाच्या तशा लागू होतात, तिसरीत मात्र गारवा अन् पावित्र्य सोडून वास आणि मच्छर चिकटतात. एवढं सोपं आहे ते. नागपूरचा कोणताही पोरगा हे एका मिनिटात समजेल. मग आपण त्याला 'चेतनगुणोक्ती' हा शब्द पाठ करायला लावतो पण 'इथे सरळ अर्थ का अडतो, आणि खरंच अडतो का' हे विचारत नाही, याला काय म्हणावं.

त्यातला 'खरंच अडतो का' हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण आपण साहित्यवाले लोक याच ठिकाणी घसरतो. मोर्चेवाले सगळं शब्दशः घेतात म्हणून आपण त्यांना हसतो, आणि स्वतः सगळंच प्रतीक म्हणून घेतो. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये, २३ तारखेच्या पहाटे, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला आणि नागनदी डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा चांगल्या वस्त्यांमध्ये शिरली. त्यानंतर एका छोट्या काव्यवाचनात एका मुलीनं कविता वाचली, त्यात 'नदी घरात आली आणि आजीच्या पलंगाशी बसली' अशी ओळ होती. वाचून झाल्यावर एक ज्येष्ठ गृहस्थ उठले आणि त्यांनी फार सुंदर विवेचन केलं, नदी म्हणजे काळ, पलंग म्हणजे परंपरा, घरात येणं म्हणजे आधुनिकतेचं अतिक्रमण वगैरे. पोरगी ऐकून घेत होती बिचारी. शेवटी म्हणाली, 'नाही काका, नदी म्हणजे नदीच. पलंगापर्यंत आली होती, आम्ही आजीला गच्चीवर नेलं.' हॉलमध्ये दोन सेकंद शांतता आणि मग लोक हसले, काकाही हसले, मनाचे मोठे होते. पण मला त्यातलं 'बसली' हे एकच क्रियापद आवडलं होतं. नदी आली हे शब्दशः खरं, बसली हा अलंकार, कारण पाणी तुंबून राहिलं, निघायचं नाव घेईना, नको असलेला पाहुणा बसतो तसं. एका ओळीत दोन्ही आहे आणि सांधा कुठे आहे ते शोधणं हेच तर वाचणं. काकांनी सगळी ओळच अलंकारात बुडवली आणि त्यामुळे पूर हरवला, ज्याच्यामुळे लोकांचे फ्रिज, गाद्या, गाड्या गेल्या तो पूर.

बहिणाबाईंची संसार आणि चुलीवरच्या तव्याची ओळ घ्या, आधी हाताला चटके आणि मग भाकर. आपण लगेच म्हणतो, चटके म्हणजे आयुष्यातली दुःखं. बरोबर आहे, संसाराची तुलनाच आहे ती. पण ती तुलना उभी कशावर आहे? खऱ्या चटक्यांवर. ज्या बाईनं चुलीवर भाकरी टाकलीय तिला ती ओळ आधी बोटांना कळते. गॅसवर पोळी शेकणाऱ्या आमच्यासारख्यांना फक्त दुःखं कळतात.

आणि दलित आत्मकथनं वाचताना तर हा घोळ नुसता घोळ राहत नाही, पळवाट होतो. भूक लिहिली की 'अस्तित्वाची भूक', पाणवठा लिहिला की 'ज्ञानाचा पाणवठा', शिळी भाकर लिहिली की 'व्यवस्थेनं फेकलेला तुकडा'. अहो ती भाकर शिळीच होती. लिहिणाऱ्यानं ती खाल्लीय. तिथे अर्थ कुठेच अडत नाही, मम्मटाची पहिली अटच पूर्ण होत नाही, तरी आपण लक्षणेकडे धावतो कारण सरळ अर्थ घेतला तर आपल्यालाही उत्तर द्यावं लागतं, की हे आपल्या गावात चाललं होतं तेव्हा आपले आजोबा काय करत होते. प्रतीकाला कोणी जाब विचारत नाही ना.

नागपूरकरांना तर याचं आणखी एक उदाहरण सांगायला नको, पण सांगतोच. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली, त्या बावीस प्रतिज्ञांमध्ये आपला नवा जन्म होत आहे असं मानण्याची एक प्रतिज्ञा आहे. हे शब्दशः का अलंकारिक? जन्मदाखला तर बदलला नाही. म्हणून कोणी 'ते आपलं बोलायची पद्धत आहे' म्हणत असेल तर त्यानं त्या घरांमध्ये नंतर काय काय बदललं ते बघावं, भिंतीवरचे देव गेले, लग्नाची रीत बदलली, मुलांची नावं बदलली, काय खायचं काय नाही आणि कोणापुढे वाकायचं नाही हे बदललं. अलंकार म्हणावा तर त्याचे परिणाम सगळे खरेखुरे आहेत. अशा ठिकाणी 'एकतर हे नाहीतर ते' असं विचारणंच चुकतं. म्हणून जुन्या लोकांनी अभिधा, म्हणजे सरळ अर्थ, आणि लक्षणेवर न थांबता व्यंजना, म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ, नावाची तिसरी खोली ठेवली होती. 'सूर्य मावळला' हे त्यांचं आवडतं उदाहरण, वाक्य शंभर टक्के शब्दशः खरं, कुठेच काही अडत नाही, तरी गुराख्याला ते 'गुरं वळव' असं ऐकू येतं, पूजा करणाऱ्याला 'संध्या कर' असं, आणि कोणाला भेटायला जायचं असेल तिला 'निघ आता' असं. आपल्या घरी मे महिन्यात दुपारी आई म्हणते 'कूलरमधलं पाणी संपलं वाट्टे', तेव्हा ती बातमी देत नसते, आणि पलंगावर मोबाईल घेऊन पडलेल्या पोराला ते बरोबर कळतं, म्हणूनच तो ऐकू न आल्यासारखं करतो.

हे सगळं वर्गापुरतं राहिलं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. पण ते कोर्टात जातं. महात्मा गांधी भेटले अशी कल्पना करून लिहिलेली एक मराठी कविता १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या एका नियतकालिकात छापली गेली, कवी वसंत दत्तात्रेय गुर्जर. अश्लीलतेचा, म्हणजे जुन्या दंडविधानातल्या कलम २९२ चा गुन्हा दाखल झाला, आणि प्रकरण फिरत फिरत सुप्रीम कोर्टात गेलं, निकाल मे २०१५ चा. कोर्टानं प्रकाशक-मुद्रकाला सोडलं कारण त्यांनी आधीच माफी मागितली होती, आणि कवीनं खटल्याला सामोरं जावं असं सांगितलं. इतिहासातल्या आदरणीय व्यक्तीचं नाव घेऊन अशी भाषा वापरली तर कवीच्या सवलतीला मर्यादा येते, कसोटी जास्त कडक होते, असं साधारण म्हणणं. मला हे पटलं नाही, आणि कवितेत काही खटकण्यासारखं नाही असंही माझं म्हणणं नाही, खटकण्यासारखं भरपूर आहे, तोच त्या कवितेचा धंदा आहे. पण त्यातला गांधी हा साबरमतीचा तो माणूस आहे का त्याच्या नावावर चाललेला सगळा कारभार आहे, हा मराठीच्या तासाचा प्रश्न होता, तो एकवीस वर्षं फौजदारीत फिरला. नाव खरं असलं की ओळही खरीच धरायची, असा नियम केला तर मग मारबतीमागच्या अर्ध्या बडग्यांवर केसेस टाकाव्या लागतील.

गंमत म्हणजे कायद्यातच एक चांगली गोष्ट आहे. धार्मिक भावना दुखावण्याचं कलम, आधीचं २९५-अ, आता १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेतलं २९९, त्यात नुसत्या भावना दुखावून चालत नाही, जाणूनबुजून आणि वाईट हेतूनं केलं असलं पाहिजे असं लिहिलंय. हेतू कळायला ओळ पूर्ण वाचावी लागते, कोण बोलतंय, कोणाला बोलतंय, खरं बोलतंय का सोंग घेऊन बोलतंय, ते बघावं लागतं. पण तक्रार करणारा ज्या स्क्रीनशॉटवरून तक्रार करतो त्यात एकच ओळ असते, आगापिछा कापलेली.

यावर एक हरकत हमखास येते आणि ती वाजवी आहे. मग काय, कोणी काहीही म्हणावं आणि नंतर 'मी अलंकारिक बोललो' म्हणून मोकळं व्हावं? निवडणुकीतलं आश्वासन नंतर 'जुमला' होतं, भर सभेतली धमकी नंतर 'शब्दप्रयोग' होते, ते पण सोडायचं का? अजिबात नाही. उलट कसोटी नीट लावली तर हेच लोक आधी सापडतात. आश्वासन देताना सरळ अर्थ कुठे अडला होता? कुठेच नाही, लोकांनी सरळच घ्यावं म्हणून तर दिलं होतं. मुक्ताबाईची मुंगी आकाशात उडून सूर्य गिळते, तेव्हा ती स्वतःच पुढे म्हणते 'थोर नवलाव झाला', आणि शेवटी हसते, म्हणजे खूण देऊन ठेवते. नाथांच्या भारुडातला विंचू पहिल्याच ओळीत काम-क्रोधाचा आहे असं सांगून चावतो. जो खूण देत नाही, लोक सरळ घेतील याचा फायदा उचलतो आणि अंगाशी आल्यावर अलंकार आठवतो, तो कवी नाही. मंचावरून 'तोडून टाकू' म्हणणाऱ्याच्या समोर जर शंभर पोरं हातात दांडकी घेऊन उभी असतील, तर तिथे दांडकं हे कशाचंही प्रतीक नाही, आणि तिथे पोलिसांनी शब्दशःच घ्यावं. वहीत तीच ओळ लिहिणाऱ्या, रात्री एकटं बसून स्वतःशीच चिडलेल्या पोराच्या घरी मात्र जाऊ नये. आपल्याकडे नेमकं उलटं चाललंय, वहीवाला ठाण्यात आणि मंचावरचा हार घालून घरी.

तर बोर्डानं एवढं करावं, दहावीच्या पेपरात 'अलंकार ओळखा' सोबत एक प्रश्न टाकावा: या ओळीतला कोणता भाग शब्दशः खरा असू शकतो आणि कोणता नाही, कारण द्या. उत्तर गाईडमध्ये छापता येणार नाही असा प्रश्न, चार मार्कांचा. आणि उदाहरण म्हणून लंगोटी-काठीची ओळ द्यावी, पूर्ण द्यावी.